बेटावरचा कडा आणि आपली सुट्टी



गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. ओझरला आमच्या शेजारी राहणारी, नववीत शिकणारी एक मुलगी संध्याकाळी घरी आली आणि मोबाईल पुढे धरून म्हणाली, "काका, काकू, हे बघा." आम्ही उभयतांनी चष्मे लावले. चित्रात खाली निळाशार समुद्र, वर करड्या-तांबूस दगडाचा उभा कडा आणि त्या कड्यावर कमरेला दोर बांधून पालीसारखी चिकटलेली एक बाई. "हे लोक सुट्टी काढून बेटावर जातात आणि आठ-आठ दिवस नुसते कडे चढतात. आपल्याला असं कधी जाता येईल का हो?"

मुलीचे वडील कंत्राटी कामगार आहेत, आई शिवणकाम करते. त्या घरी सुट्टी म्हणजे मामाच्या गावी चार दिवस, नाहीतर १४ ऑक्टोबर किंवा ६ डिसेंबरची गर्दीतली गाडी. तेव्हा बेटाचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार होतो. पण मुलगी पुढे म्हणाली, "बेट राहू द्या. नाशिकच्या गिर्यारोहकांचं दोन दिवसांचं शिबिर आहे. दगड चढायला शिकवतात. शाळेतून फॉर्म मिळालाय. पप्पा सही करायला तयार आहेत, पण आजी नाही म्हणते. तुम्ही आजीला समजवा."

आम्ही गेलो समजवायला. आजीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपले दोन्ही तळहात आमच्यापुढे उघडले. म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडली. लेकरू पाटीखाली ठेवून फोडली. दगडानं हात सोलले, नखं गेली. आता माझ्या नातीनं सुट्टीत पैसे भरून दगडाला हात सोलून घ्यायचे व्हय? हे बसून खाणाऱ्यांचे चाळे. आपले न्हाईत."

खरे सांगतो, त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. दगड चढणे ही खरोखर फक्त पैसेवाल्यांची हौस आहे का? आणि असेल, तर कष्टकऱ्याच्या मुलीने ती करू नये का? या अंकी तोच विचार आपल्यापुढे मांडत आहोत.

प्रथम त्या बेटाविषयी. चित्रातले बेट होते ग्रीस देशातले कालिम्नोस. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचे हे खडकाळ बेट. शेतीला माती थोडी. म्हणून तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणबुड्याचा शिरस्त्राण घालायचा पोशाख आला. त्यामुळे माणसे अधिक खोल आणि अधिक वेळ पाण्यात राहू लागली. मालकांचा नफा वाढला, पण खोलातून भरकन वर आले की रक्तात वायूचे बुडबुडे होतात हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. शेकडो पाणबुडे मेले, कित्येक तरुण कायमचे लुळे होऊन घरी आले. पुढे १९८६ च्या सुमारास समुद्रातल्या स्पंजांवरच रोग पडला आणि उरलासुरला धंदाही बसला.

१९९६ साली एक इटालियन गिर्यारोहक तिथे सहज सुट्टीला आला. घरांच्या मागे उभे असलेले चुनखडीचे कडे त्याच्या नजरेत भरले. दुसऱ्या वर्षी तो मित्रांसह परतला आणि त्यांनी कड्यांत मेखा ठोकून चढाईच्या वाटा तयार केल्या. आज त्या बेटावर तीन हजारांहून अधिक वाटा आहेत. वसंतात आणि शरदात जगभरचे लोक तिथे चढायला येतात, आणि ज्यांच्या आज्यांनी पाणबुड्यांचे मृतदेह पाहिले त्या घरांतल्या मुली आज पाहुण्यांसाठी खोल्या आणि खानावळी चालवतात. म्हणजे आमच्या शेजारच्या मुलीला जे बेट श्रीमंतांचे वाटले, ते मुळात कष्टकऱ्यांचेच आहे.

दुसरे एक बेट याहून दूरचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथली माणसे कड्यांवर चढत ती पोटासाठी. समुद्रपक्ष्यांची अंडी आणि मांस हेच त्यांचे मुख्य अन्न. दोर कमरेला बांधून, अनवाणी पायांनी ते शेकडो फुटांच्या कड्यांवरून खाली उतरत. लग्नाच्या वयाच्या तरुणाने एका कड्याच्या टोकावर एका पायावर तोल सांभाळून दाखवायचा अशी तिथे चाल होती. कडा चढता येत नाही तो बायकोला काय खायला घालणार, असा रोकडा हिशेब. पुढे वस्ती घटत गेली. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ माणसांनी आपले बेट कायमचे सोडले.

या दोन बेटांची हकिगत आम्ही दुसऱ्या दिवशी आजीला सांगितली. पाणबुड्यांचे ऐकून ती हळहळली. म्हणाली, "त्यांचंबी आपल्यासारखंच." मग थांबून म्हणाली, "पण ते पोटासाठी चढले. माझी नात कशासाठी चढणार?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला बाबासाहेबांची एक सहल आठवली.

होय, सहल! बाबासाहेब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथ, सभा, सत्याग्रह आणि संविधान येते. पण १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी त्यांना आग्रह केला की आपण सगळे मिळून कुठेतरी फिरायला जाऊ. बाबासाहेब तयार झाले. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. मंडळी जमली ती आपल्या नाशिकला. तीसेक जण होते. तिथून औरंगाबादकडे निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा ठरले. पोहोचेपर्यंत सगळे धुळीने माखले होते. दारापाशी पाण्याने भरलेला हौद दिसला, म्हणून काही जणांनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मागून ओरडत धावत आला, की यांनी तळे बाटवले. गर्दी जमली, शिव्या झाल्या, मारामारीची वेळ आली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांची सहल अशी होती. गड चढायला पायांत बळ होते, पण हौदाच्या पाण्यापाशी सहल अडली. आज आपली मुले त्याच देवगिरीवर शाळेच्या सहलीने जातात, नळाचे पाणी पितात आणि फोटो काढून परत येतात. हे फुकट मिळालेले नाही. त्याच्या आधी, २ मार्च १९३० पासून, याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. आणि या सहलीच्या पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला ती घोषणा झाली जी आपल्या घराघरांत पाठ आहे.

सुट्टी या गोष्टीलाही इतिहास आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. १९४५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यात वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी देणे मालकांवर बंधनकारक झाले. १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. यामागचा विचार साधा होता. कामगार हा यंत्राचा भाग नाही. त्याला शरीर आहे, मन आहे, बायकामुले आहेत, आणि वर्षातून काही दिवस त्याने स्वतःसाठी जगले पाहिजे. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला. त्यातल्या आणि त्याच्या भोवतीच्या लहानमोठ्या शेडमधल्या कामगाराने रजेचा अर्ज भरताना हे जरूर आठवावे. ज्यांना कंत्राटात आजही ती रजा मिळत नाही, त्यांनी तर अधिकच आठवावे.

तेव्हा "माझी नात कशासाठी चढणार?" याचे आमचे उत्तर असे: तुम्ही पोटासाठी दगड फोडला म्हणून तिला आनंदासाठी दगड चढता यावा. मजुरीचा दगड आणि हौसेचा दगड यांत दोन पिढ्यांचा लढा आहे.

आता आपल्या दगडाविषयी. बेटावर जायला पासपोर्ट हवा, पैसे हवेत. पण ओझरहून उत्तरेकडे नजर टाकली की सातमाळ्याची डोंगररांग उभी आहे. हा सारा अग्निज खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. म्हणून आपले डोंगर लांबून जिन्यासारखे दिसतात. धोडपच्या किल्ल्यावर तर लाव्हा उभ्या भेगेत घुसून थिजला आणि भोवतालचा खडक झिजल्यावर एक सरळ भिंतच उरली. मनमाडजवळची हडबीची शेंडी म्हणजे असाच एकटा उरलेला सुळका, अंगठ्यासारखा. रेल्वेतून जाताना आपण सर्वांनी पाहिला असेल. चढाई शिकलेल्या लोकांत तो प्रसिद्ध आहे. त्याच बाजूला अनकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडगोळी आणि तिथून येवल्याची मुक्तिभूमी जवळ. एका दिवसात दोन्ही होतात.

हाच काळा कातळ पाहून आपल्या पूर्वीच्या भिक्खूंनी आणि उपासकांनी त्यात लेणी कोरली. नाशिकचे त्रिरश्मी पाहा. चोवीस लेणी डोंगराच्या कमरेला ओळीने आहेत. कोरणारे कारागीर छताकडून सुरुवात करून खाली खाली येत, म्हणजे उभे राहायला पायाखाली दगडच असे, वेगळी परात बांधावी लागत नसे. तिथल्या शिलालेखांत राजा-राण्यांची नावे आहेत, तशी साध्या माणसांचीही आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे दान धंभिक गावच्या लोकांनी केले. एका लहान लेण्याचे दान मुगुदास नावाच्या माणसाने कुटुंबासह केले, आणि तो कोळी असावा असे अभ्यासक मानतात. विणकरांच्या श्रेणीकडे पैसे ठेवून त्याच्या व्याजातून भिक्खूंच्या चीवराची सोय केल्याचाही लेख आहे. तेव्हा कातळाशी आपले नाते खडी केंद्रावर सुरू झालेले नाही. ते दोन हजार वर्षांचे आहे.

आणि समुद्राचीच हौस असेल, तर बेटही आपल्याकडे आहे. मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरीला जाता येते. सगळे लोक पश्चिमेकडच्या डोंगरातली शिवलेणी पाहून परत फिरतात. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबई समोर झगमगत असताना या बेटावरच्या वस्त्यांना कायमची वीज २०१८ साली मिळाली. मुलांना हेही दाखवावे. मात्र घारापुरीला दोर घेऊन चढायला जायचे नाही. तो संरक्षित वारसा आहे. तिथे पायवाटेने चालावे, पाहावे, वंदन करावे.

आता या कामातला धोका. तो लपवून आम्ही उत्साहाच्या गोष्टी सांगितल्या, तर ते पाप होईल.

आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी धम्मवर्गाची वीस-बावीस मुले घेऊन आम्ही रामशेजला गेलो होतो. सोपा किल्ला, पायऱ्यांची वाट. आम्ही डबे उघडण्यात गुंतलो आणि दोन मुले वाट सोडून बाजूच्या कातळावर चढली. एक जण एका अरुंद कंगोऱ्यावर अडकला. वर जाता येईना, खाली बघवेना. आमच्याकडे दोर नव्हता, आणि असता तरी बांधायचा कसा हे ठाऊक नव्हते. शेवटी एका गुराख्याने खालून एकेक पाऊल सांगत त्याला उतरवले: "डावा पाय खाली, अजून वीतभर, हां, टेकव." अर्धा तास गेला. ते लेकरू जमिनीवर आले तेव्हा आमचे पाय थरथरत होते. त्याच्या आईला आम्ही सगळे खरे सांगितले. तिने काही बोलणे केले नाही, पण पुढचे सहा महिने मुलाला वर्गाला पाठवले नाही. ती बरोबर होती.

जाणत्यांनाही चूक माफ नसते. जानेवारी २०२२ मध्ये हडबीच्या शेंडीवर चढाई यशस्वी झाल्यावर, उतरण्याच्या वेळी अपघात होऊन दोन जणांचे प्राण गेले. शिखर गाठले की मन सैल पडते, आणि घात तिथेच होतो. आपल्या धम्मात अप्पमादाला, म्हणजे सतत सावध राहण्याला, जे मोठे स्थान आहे ते दोरावर लटकल्यावर नीट समजते. गाठ बांधणारा स्वतः तपासतो, मग दुसरा तपासतो, मगच पाय उचलायचा. रोज, दर वेळी, शंभराव्या वेळीसुद्धा.

नवशिक्याची चढाई कशी असते, हे आईवडिलांनी समजून घ्यावे. शिक्षक आधी मागच्या सोप्या वाटेने वर जाऊन दोर पक्का अडकवतात. दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला आठाच्या गाठीने बांधतात. दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या हाती, एका धातूच्या कडीतून गेलेली असते. याला बिले देणे म्हणतात. मूल जसे वर जाईल तसा साथीदार दोर आवळत जातो. हात सुटला तरी मूल फूट-दोन फूट खाली येऊन दोरावर लटकते, कोसळत नाही. चढाईचा दोर झटका सोसण्यासाठी थोडा ताणला जातो. ट्रकवर माल बांधायचा दोर तसा नसतो, म्हणून तो कधीही वापरू नये. बळ हातांत लागते असा समज आहे, पण खरे काम पायांचे. हात धरण्यापुरते, भार पायावर. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी दगडावर टेकलेले असावेत. डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढलेल्या आपल्या बायांना हे शिकवावे लागत नाही.

आमच्या वाचक भगिनींसाठी काही गोष्टी, मुलीला पाठवण्यापूर्वी पाहून घ्यायच्या:

शिबिर घेणारे कोण, किती वर्षांचा अनुभव, शिक्षक कुठे शिकले, हे विचारा. विचारायला लाजू नका. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात अशा संस्थांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी दाखवा म्हणावे.

दर मुलाला हेल्मेट आणि कमरपट्टा मिळणार का, मुलींसोबत बाई शिक्षिका आहे का, रात्री मुक्काम कुठे, प्रथमोपचाराची पेटी आणि गाडी जवळ आहे का, हे लिहून घ्या.

ओढणी घरी ठेवा. केस घट्ट बांधा. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. दगडाच्या फटीत अंगठी अडकली तर बोट जाते. पँट सैल, बूट पायात घट्ट बसणारे. महागडे बूट पहिल्या दिवशी लागत नाहीत.

दोन लिटर पाणी, चपाती-भाजी, गूळ-शेंगदाणे. पाळीचे दिवस असतील तर मुलीने शिक्षिकेला मोकळेपणाने सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि त्यासाठी घरी बसण्याचेही कारण नाही.

पावसाळ्यात दगड चढायला जाऊ नये. ओल्या कातळावर शेवाळ येते, माती सुटते, दरड कोसळते. भगवंतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास सांगितला, तो नियम गिर्यारोहकानेही पाळावा. अश्विनी पौर्णिमा झाली की मग दोर बाहेर काढावा.

कुठल्याही लेण्याच्या भिंतीवर, खांबावर चढू नये, नाव कोरू नये. हिवाळ्यात अंजनेरीसारख्या कड्यांवर गिधाडांची घरटी असतात, तिकडे दंगा करू नये. इंग्लंडच्या लंडी बेटावर पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत काही कडे चढाईला बंदच ठेवतात. प्राणिमात्रांविषयीची करुणा आपल्याला नव्याने शिकायला नको.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? त्यांना आम्ही २५ मे २०१४ हा दिवस सांगतो. त्या दिवशी तेलंगणातल्या समाजकल्याणाच्या निवासी शाळांतली दोन मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. एक आदिवासी शेतमजुरांची मुलगी मालावत पूर्णा, वय तेरा वर्षे अकरा महिने. दुसरा आपल्या दलित समाजातला आनंद कुमार. त्यांचे पहिले धडे भोंगीरच्या कातळावर झाले. २०१८ साली आपल्या महाराष्ट्रातल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टवर पोहोचली. या मुलांच्या घरी गिर्यारोहणाची परंपरा नव्हती. सरकारी वसतिगृहातली खाट, एक आस्थेवाईक अधिकारी आणि योग्य शिक्षण एवढेच होते. आपल्या प्रत्येक मुलीने एव्हरेस्ट चढावे असे आम्ही म्हणत नाही. पण "हे आपले नाही" हे वाक्य तिच्या कानावर पडू नये, एवढे मात्र म्हणतो.

तर आजीचे काय झाले? आजीने शेवटी एक अट घातली: "मी संग येणार. दोर कोण धरतो ते माझ्या डोळ्यांनी बघणार." शिबिरवाल्यांनी आनंदाने होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आणि आम्ही उभयतां कातळाच्या पायथ्याशी सतरंजी टाकून बसलो. मुलीची पाळी आली. पहिले पंधरा फूट ती भराभर चढली. मग एका जागी थांबली. पाय शिवणयंत्रासारखे थडथडू लागले. खालून शिक्षिका धीर देत होती, पण मुलगी रडू लागली आणि दोरावर बसून खाली आली. परत येऊन आजीच्या शेजारी तोंड फिरवून बसली.

आजी काही वेळ बोलली नाही. मग उठून दगडापाशी गेली, त्यावर तळहात फिरवला, एका जागी बोटांनी टकटक केले आणि परत येऊन म्हणाली, "अगं, तू त्या भेगेला धरत हुतीस. ती पोकळ हाय, आवाज बघ तिचा. डाव्या अंगाला दगड ठसठशीत हाय. आमी फोडायच्या आदी आवाज ऐकायचो."

शिक्षिका चकित झाली. तिने स्वतः जाऊन ठोकून पाहिले. पोकळ दगड ओळखायला ती मुलांना दुपारच्या धड्यात हेच शिकवणार होती. जेवणानंतर मुलगी पुन्हा चढली, डाव्या अंगाने, सावकाश, आणि वरच्या मेखेला हात लावून आली. उतरल्यावर आजीने तिची बोटे पाहिली. शेंड्यांना सोलवटले होते. आजीने पदराच्या गाठीतून हळद काढली. बाई सोबत घेऊनच आली होती!

फेब्रुवारीत दुसरे शिबिर आहे, आणि या खेपेला आमच्या गल्लीतून चार मुलींचे फॉर्म गेले आहेत. सह्या चारही घरांतल्या आयांनी केल्या. कालिम्नोसचे चित्र मुलीच्या मोबाईलवर अजून आहे. ती कधी तिथे जाईल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. तूर्त तिची मागणी एवढीच आहे की चैत्र-वैशाखाचे ऊन तापण्याआधी सगळ्या गल्लीने मिळून एका रविवारी त्रिरश्मीला आणि पुढच्या रविवारी अनकाईला जावे. आम्ही होकार दिला आहे. डबे ज्याचे त्याने आणायचे, पाणी सर्वांचे एकत्र.

आपल्या भागात असे काही शिबिर झाले असेल, मुलामुलींचे बरेवाईट अनुभव असतील, तर आम्हांला जरूर कळवा. चुकाही कळवा, त्यातून इतरांचे लेकरू वाचते.

नमो बुद्धाय! जयभीम!